दारामागची पावलं

हिरडेगावच्या चौकात दिवेलागणीच्या वेळी तिघांनी सिद्धांत चंदनशिवेला लोळवून मारलं, आणि सगळा गाव पोलिसांना म्हणाला की त्या वेळी आम्ही तिथं नव्हतोच. कोणी रानात होतं, कोणी पाहुण्यांकडे गेलं होतं, कोणाच्या घरात टीव्हीचा आवाज मोठा होता. चौकाला लागून घरं आहेत, दुकानं आहेत, दूध संकलन केंद्र आहे. पण साक्षीदार एकही नाही.

सिद्धांत गावच्या बौद्धवस्तीतला. फवारणीचे ड्रोन चालवायचा. चौकात त्यानं एक गाळा घेतला आणि वर पाटी लावली, ‘चंदनशिवे ड्रोन फवारणी’. रणजित घाडगे आणि त्याच्या दोन मित्रांनी त्याला दोनदा सांगून पाहिलं, धंदा कर, पण आडनाव काढ, नाहीतर पाटी तुमच्या वस्तीत नेऊन लाव. त्यानं पाटी तशीच ठेवली. आता त्याला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

हे सगळं विशेष सरकारी वकील नसीमा मुजावर पुण्यात डॉ. हेमांगी निकमच्या प्रयोगशाळेत बसून सांगत होत्या. हेमांगीला त्यातलं बरंच आधीच माहीत होतं, कारण हिरडेगाव तिचंच गाव.

“आरोपींचं म्हणणं सोपं आहे,” मुजावर म्हणाल्या. “फवारणीचं औषध वाऱ्यानं घाडग्यांच्या द्राक्षबागेवर गेलं, त्यावरून बाचाबाची झाली. जातीचा काही संबंध नाही. आता अ‍ॅट्रॉसिटीचं कलम टिकवायचं तर मला दाखवावं लागेल की जातीवरून अपमान झाला, आणि तो लोकांच्या देखत झाला. गाव म्हणतंय, लोक नव्हतेच. म्हटलं, तुमच्या त्या केबलला विचारून बघावं.”

ती केबल हेमांगीनंच गावात आणली होती. हिरडेगावच्या माथ्यावरचा डोंगर पावसाळ्यात सरकतो. त्याची पूर्वसूचना मिळावी म्हणून रस्त्याखालून इंटरनेटसाठी टाकलेल्या काचेच्या तंतूचाच कान करायची तिची पद्धत होती. तंतूच्या एका टोकातून लेझरचा प्रकाश सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात जागोजागी बारीक दोष असतात, आणि प्रत्येक दोषावरून थोडासा प्रकाश मागं फिरतो. वरची जमीन थरथरली की तिथली काच केसाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी ताणली जाते आणि परतणारा प्रकाश बदलतो. कुठल्या ठिकाणचा प्रकाश बदलला हे कळलं की जमीन कुठं हलली हेही कळतं. डोंगर सरकला तर कळतोच, पण गाय चालली तरी कळतं आणि माणूस चालला तरी. पुढं हेमांगीनं माणसाची चालही वाचायला शिकवली होती यंत्राला. टाच आधी की चवडा आधी, कुठल्या पायावर भार जास्त, पाऊल उचलतो की ओढतो, या सगळ्यावरून यंत्र एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळं काढत असे.

“माझी आई तिथं राहते,” हेमांगी म्हणाली. “चौकापासून जवळच. मी हे काम करावं की नाही?”

“त्या दिवशी त्या घरी होत्या?”

“नाही. कऱ्हाडला मावशीकडे होती म्हणाली.”

“मग ते अहवालात लिहून टाका. दुसऱ्या एका संस्थेकडूनही नोंदी तपासून घेऊ. पण चाल ओळखणारं यंत्र तुमच्याइतकं कोणाला कळत नाही, म्हणून तुमच्याकडेच आले.”

हेमांगी हो म्हणाली. खरं सांगायचं तर तिला थोडा अभिमानही वाटला.

नोंदी उघडल्यावर पडद्यावर चौक उमटला. चित्र नव्हतंच ते, नुसत्या रेघा होत्या. पण या रेघा तिला अक्षरांसारख्या वाचता यायच्या. एक जण गाळ्यातून बाहेर आला. तीन जण त्याच्या दिशेनं गेले. एक मोठा हादरा, म्हणजे माणूस पडला. त्यानंतर त्या एकाच जागी बराच वेळ बारीक हादरे येत राहिले. ते काय आहेत हे समजायला तिला एक क्षण लागला. समजल्यावर तिनं खुर्ची मागं सरकवली.

मग तिनं चौकाच्या कडा पाहिल्या. दारादारातून पावलं बाहेर आली होती. दूध केंद्रातून आली, किराणा दुकानातून आली, देवळाच्या पायऱ्यांवरून उतरली. सगळी थोडी पुढं येऊन थांबली होती. उभा माणूसही पूर्ण स्थिर नसतो, या पायावरचा भार त्या पायावर घेतो, तेवढंही काचेला कळतं. एखाद्या खेळाभोवती गर्दी जमावी तसा गाव गोल उभा होता.

त्या गोलात एक चाल अशी होती की यंत्रानं विचारायच्या आधीच हेमांगीनं ओळखली. उजव्या गुडघ्यात बसवलेली वाटी, डाव्या हातात काठी, आणि चपलेचं मागचं टोक ओढायची सवय. यंत्र पहिल्यांदा गावात लावलं तेव्हा चाचणीसाठी तिनं आईलाच अंगणापासून चौकापर्यंत चालायला लावलं होतं. आई तेव्हा लाजून हसत होती, म्हणत होती, “माझ्या चालण्यात काय बघायचंय गं?”

इंदुमती निकम त्या संध्याकाळी कऱ्हाडला नव्हत्या. चौकाच्या कडेला उभ्या होत्या आणि मग घरी परतल्या होत्या.

तिथंच संपलं असतं तर हेमांगीनं मनाची समजूत घातली असती, की म्हातारं माणूस आहे, घाबरलं असेल. पण नोंद पुढं चालू होती. तिघं निघून गेले. गर्दी पांगली. पडलेला माणूस उठायचा प्रयत्न करून पुन्हा पडला आणि मग सरपटत निघाला. ओढल्यासारखी एक लांब रेघ रस्त्याच्या कडेनं सरकत सरकत निकमांच्या फाटकापाशी आली आणि थांबली. फाटकावर हात आपटल्याचे हादरे उमटले. आणि त्याच वेळी फाटकाच्या आतल्या बाजूला ती चाल आली. काठी टेकली. उभी राहिली.

मधे फक्त लोखंडी पत्र्याचं फाटक. बाहेर एक जण पडलेला, आत एक जण उभी. हेमांगी पडद्याकडे पाहत राहिली, जणू आत्ता कडी वाजेल. कडी वाजली नाही. बऱ्याच वेळानं बाहेरची रेघ पुढं सरकली, वस्तीच्या दिशेनं. आतली चाल त्यानंतरही कितीतरी वेळ तिथंच उभी होती.

अहवाल लिहायला बसल्यावर हेमांगीनं स्वतःशी वाद घातला. खटल्याला काय हवं आहे? चौकात लोक होते एवढंच. ते तर सिद्ध होतंय. त्यातली एक बाई कोण, यानं काय फरक पडतो? दूध केंद्रवाला, किराणावाला, देवळातला पुजारी, ज्यांच्या चाली यंत्राकडे आधीपासून होत्या त्यांची नावं तिनं लिहिली. निकमांच्या फाटकाआडच्या चालीपुढं तिनं लिहिलं, ‘अनोळखी व्यक्ती’. शपथेवर सही केली आणि अहवाल न्यायालयात गेला.

मग ती गावी गेली.

आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि हेमांगीच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

“बघितलंस व्हय?” ती म्हणाली.

“सगळं बघितलं.”

आई पुन्हा तांदळात बोटं फिरवू लागली. “एकटी राहते मी इथं. तू पुण्यात. दार उघडलं असतं आणि ती पोरं परत आली असती तर?”

“निदान फोन करायचास. मला, रुग्णवाहिकेला, कोणालाही.”

“हात चालेना.” तांदळातला खडा बाजूला टाकत आई म्हणाली, “पाणी मागत होता. बाई पाणी, बाई पाणी, म्हणत होता.”

इंदुमतीबाई गावच्या अंगणवाडीत आयुष्यभर सेविका होत्या. अख्खा गाव त्यांना बाई म्हणायचा. सिद्धांत त्यांच्या हाताखाली अंक शिकला होता, त्यांनी वाढलेली खिचडी खाऊन मोठा झाला होता.

“आई, ते मारताना काय बोलत होते?”

“तुझ्या मशीनला विचार की.”

“मशीनला शब्द ऐकू येत नाहीत. फक्त पावलं कळतात.”

“मग बरं हाय,” आई म्हणाली.

हेमांगीचा तोल गेला. “बरं काय त्यात? तू ऐकलंयस. ते जातीवरून बोलले का नाही, यावर सगळी केस उभी आहे. सिद्धांतचं एकट्याचं म्हणणं कोणी धरत नाहीये. तू कोर्टात येऊन सांग.”

आईनं सूप बाजूला ठेवलं. “तुझ्या त्या कागदात माझं नाव लिहिलंस?”

हेमांगीनं बाजूला ठेवलेलं सूप आपल्याकडे ओढलं.

“लिहिलंस का?”

“नाही.”

“का नाही लिहिलंस?”

उत्तर दोघींनाही ठाऊक होतं. आई काही खोचून बोलली नव्हती, अगदी साध्या आवाजात विचारलं होतं. पण हेमांगीला वाटलं, कोणी भर बाजारात आपल्या अंगावरचं वस्त्र ओढून घेतलंय. आईला जाब विचारायला ती इतक्या लांब आली होती, आणि तिनं स्वतः काय केलं होतं? तिच्या हातात तर काठीही नव्हती, दाराबाहेर कोणी गुंडही नव्हते. सुरक्षित खोलीत, थंड डोक्यानं, तिनंही आतून कडी घातली होती.

ती चहा न घेताच निघाली. वाटेतच तिनं मुजावरांना फोन लावला. “अहवालात दुरुस्ती करायची आहे. ती अनोळखी व्यक्ती माझी आई आहे. मला तेव्हाही माहीत होतं.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

“तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?” मुजावर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण थंड होता. “दुरुस्ती दिली की त्यांचा वकील तुमचा अख्खा अहवाल फाडून टाकेल. न द्यावी तर मी जाणूनबुजून खोटा पुरावा वापरतेय. त्या पोरानं वर्षभर वाट पाहिलीये, हेमांगीबाई.”

“मला माहीत आहे.”

“नाही, तुम्हाला माहीत नाही,” असं म्हणून मुजावरांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती त्यांनी स्वतःच न्यायालयात दाखल केली.

जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात हेमांगी साक्षीला उभी राहिली तेव्हा समोरच्या बाकावर सिद्धांत बसला होता, उजवा कान पुढं करून. शेजारी त्याची आई सुजाता. आरोपींचे वकील पाटणकर सभ्य गृहस्थ होते, कोणावर ओरडायचे नाहीत.

“डॉक्टर, तुमच्या यंत्राला कोणी काय बोललं ते कळतं?”

“नाही.”

“कोणाच्या मनात काय होतं ते?”

“नाही.”

“फक्त पावलं. आणि ती कोणाची हे तुम्ही सांगता. बरोबर?” पाटणकरांनी अहवाल उचलला. “इथं तुम्ही शपथेवर लिहिलंत, अनोळखी व्यक्ती. नंतर लिहिलंत, माझी आई. मग पहिला मजकूर चुकीचा होता?”

“अपूर्ण होता.”

“अपूर्ण की खोटा?”

हेमांगीनं मुजावरांकडे पाहिलं. त्या समोरच्या कागदांकडे पाहत होत्या. सिद्धांत मात्र सरळ तिच्याकडे पाहत होता.

“खोटा,” ती म्हणाली.

“आणखी काही विचारायचं नाही,” असं म्हणून पाटणकर खाली बसले.

बाहेर आल्यावर हेमांगी सिद्धांतपाशी गेली. काय बोलायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. तिच्या तोंडून निघालं, “ते फाटक आमचं होतं हे तू पोलिसांना का नाही सांगितलंस? तू जबाबात नुसतं ‘एका घराचं दार’ म्हटलंयस.”

“सांगितलं असतं तर बाईंनी नाही म्हटलं असतं,” तो म्हणाला. “मग माझंच खोटं ठरलं असतं. एक गोष्ट खोटी ठरली की सगळीच खोटी ठरतात. आमचं तसंच असतं.” त्यानं तिच्याकडे पाहिलं. “तुमचंही आज तसंच झालं म्हणा.”

सुजातानं त्याचा हात धरला आणि दोघं निघून गेले.

न्यायाधीशांनी स्वतःच्या अधिकारात इंदुमती निकमांना समन्स काढलं. ते गावात पोहोचलं त्या संध्याकाळी आईचा फोन आला.

“तुझी नोकरी जाईल का गं?”

“चौकशी लागलीये. माहीत नाही.”

“माझ्यामुळं?”

“नाही. माझ्यामुळं.”

आईनं विषय बदलला. “घाडग्यांकडची माणसं येऊन गेली. काही धमकी नाही दिली. बसले, चहा घेतला. म्हणाले, बाई, तुम्ही आपल्याच आहात.” आणि मग, आपण काय ऐकलं ते आत्ताच कळल्यासारखं तिनं पुन्हा म्हटलं, “आपल्याच आहात म्हणाले.”

साक्षीच्या दिवशी आई इस्त्रीची नऊवारी नेसून आली, अंगणवाडीच्या बक्षीस समारंभाला नेसायची ती. तिला खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली. मुजावरांनी सुरुवातीचे प्रश्न विचारले. होय, मी गावातच होते. होय, चौकात उभी होते. होय, परत आले. होय, तो फाटकापाशी आला होता. होय, मी आतच होते.

“दार का उघडलं नाहीत?”

“भ्याले.” मग कोणी न विचारता ती म्हणाली, “नुसती भ्याले असं नाही. त्याला आत कसा घ्यायचा, लोक काय म्हणतील, हे पण आलं मनात. रक्तानं भरला होता, तरी ते आलं मनात.”

हेमांगीनं मान खाली घातली.

“मारताना आरोपी काय बोलत होते?”

“पाटी काढ म्हणत होते.”

“आणखी?”

“जातीवरून बोलत होते.”

“बाई, जातीवरून म्हणजे काय, हे न्यायालयाला जसंच्या तसं हवं,” न्यायाधीश म्हणाले. “ऐकलेले शब्द सांगा.”

हेमांगीला वाटलं, आता आई अडखळेल. पदर तोंडाला लावेल, किंवा आठवत नाही म्हणेल. पण आईनं सांगितलं. जातीचा तो शब्द आणि त्याच्या मागची आईबहिणीवरची शिवी, सगळं तिनं ज्या सुरात ऐकलं त्याच सुरात म्हणून दाखवलं. जीभ जराही अडली नाही. तो शब्द तिच्या तोंडात नवा नव्हता. हेमांगीच्या लहानपणी तो घरात भांडं पडावं तसा सहज पडायचा, राग नसतानाही पडायचा, आणि हेमांगीला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. आज भरल्या न्यायालयात तो ऐकताना तिच्या कानशिलांना चटका बसला.

आईलाही तो स्वतःचा आवाज ऐकू आला असावा. तिनं तोंड मिटलं आणि काठीवरची मूठ आवळली.

पण साक्ष नोंदवली गेली नव्हती. हल्ली न्यायालयात बोललेलं सगळं यंत्रच टिपून घेतं, आणि असभ्य शब्द आला की त्याच्या जागी आपोआप फुल्या उमटवतं. भिंतीवरच्या पडद्यावर आईच्या वाक्यात नुसत्या फुल्या होत्या. न्यायाधीशांनी कपाळाला हात लावला. कर्मचाऱ्याला ती सोय बंद करायला लावली.

“माफ करा, पुन्हा एकदा सांगावं लागेल.”

या वेळी आईनं सिद्धांतकडे पाहिलं. बाकावर तो उजवा कान पुढं करून बसला होता, कारण दुसऱ्यानं ऐकू येत नव्हतं. आईचे ओठ हलले, आवाज फुटेना. न्यायाधीश थांबले. पाटणकर उठू लागले तशी त्यांनी हातानं खूण करून त्यांना बसवलं. आईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण तिनं ते पुसलं नाही. मग एकेक अक्षर ढकलल्यासारखं करत तिनं तो शब्द पुन्हा उच्चारला, आणि पडद्यावर तो पूर्ण उमटला.

पुढं निकाल लागला तेव्हा तिघांनाही अ‍ॅट्रॉसिटीच्या कलमाखाली शिक्षा झाली. निकालपत्रात न्यायाधीशांनी लिहिलं की तज्ज्ञ साक्षीदारानं सत्य दडवलं असल्यानं तिनं केलेल्या ओळखीवर हे न्यायालय विसंबत नाही. चौकात गर्दी होती एवढं दुसऱ्या संस्थेच्या तपासणीवरून मानलं, आणि हेतू मानला तो इंदुमती निकम यांच्या साक्षीवरून. हेमांगीच्या संस्थेनं तिला न्यायालयीन कामातून कायमचं काढलं. तिनं त्याविरुद्ध अर्ज केला नाही. हिरडेगावच्या ग्रामसभेनं केबल उखडून टाकायचा ठराव केला. डोंगर अंगावर आला तरी चालेल, पण आमची पावलं कोणी मोजायची नाहीत, असं त्यात एकमतानं म्हटलं होतं. आईनं पुण्याला यायचं नाकारलं. गावात तिच्याशी कोणी बोलत नाही, पण ती रोज चौकातूनच दुकानाला जाते.

पण हेमांगीला राहून राहून आठवतो तो निकालाचा दिवस नव्हे, साक्षीचा. साक्ष संपली आणि ती आईला धरून बाहेरच्या व्हरांड्यात आली. समोरून सिद्धांत आणि सुजाता येत होते. वाट अरुंद होती, टाळता येण्यासारखी नव्हती. आई थांबली. तिनं हात जोडले, काठी बगलेत धरून.

“चुकलं रे पोरा,” ती म्हणाली.

सिद्धांतनं ऐकू आलं नाही असं दाखवलं नाही. तो थोडा वळला, चांगला कान तिच्याकडे आला.

“बाई, आत चांगलं मोठ्यानं बोललात,” तो म्हणाला. “त्या दिवशी चौकात एवढ्याच मोठ्यानं एकदा ‘अरे’ म्हणाला असतात ना, तर पोरं थांबली असती. तुमचं ऐकायची ती. अंक तुम्हीच शिकवले त्यांना.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आईला काही म्हणता तरी आलं असतं. ती जोडलेले हात तसेच धरून उभी राहिली. सुजातानं पदर सावरला, दोघं त्यांना वळसा घालून जिन्यानं खाली उतरले. हेमांगीनं आईचा दंड धरला होता. आई थरथरत होती, आणि ती थरथर हेमांगीच्या हातातून तिच्या अंगात येत होती. हात सोडवून घ्यावा असं तिला क्षणभर वाटलं. मग तिनं तो आणखी घट्ट धरला, कारण थरथरत होतं ते एकट्या आईचंच अंग नव्हतं.